बाजेसमोरची गाडी

बसा इथंच गच्चीवर. लाईट कधी येईल ते मला विचारू नका, मी काय खांबावर चढून बघून आलेलो नाही. पुस्तकं मिटा. अंधारात टेस्ट सिरीज सोडवून कोणी डॉक्टर झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही, आणि ह्या लातुरात क्लासची पोरं बघण्यातच माझी निम्मी हयात गेली. भुताचं सांगा म्हणून मागं लागलात ना? मग ऐका. पण मधे मधे 'आप्पा, खरंच का' असं करायचं नाही. ज्याच्या घरी हे घडलं तो माझ्या चांगल्या ओळखीचा माणूस आहे, तुमच्यातले दोघं तर त्याच्याच क्लासला फिजिक्स शिकायलेत. मी त्याला दयानंद म्हणतो. खरं नाव हुडकत बसू नका.

तर हा दयानंद एका रविवारी दुपारी गाडी घेऊन औसा रोडला गेला. तिथं सर्वेश नावाच्या पोराचं गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं. सीट कव्हर, टेप, कॅमेरा, काय पाहिजे ते बसवून द्यायचा. दयानंदला रिमोट स्टार्टर हवा होता. म्हणजे वरच्या मजल्यावर पलंगावर बसून बटण दाबायचं आणि खाली गाडी आपली आपण चालू. पैसेवाल्यांचा शौक आहे तो, उन्हात तापलेली गाडी बसायच्या आधी गार करून घ्यायची. दयानंदला शौक नव्हता. त्याच्या आईला, साखराबाईला दमा होता. पहाटेची धाप लागायची, आणि लागली की दवाखाना गाठेपर्यंत सगळ्या घराचा जीव टांगणीला. आपण किल्ली शोधणार, चपला शोधणार, जिना उतरणार, तेवढ्यात खाली गाडी तयार असावी, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

सर्वेशनं काउंटरवर दोन डबे ठेवले. पहिल्याची तऱ्हा अशी, की रात्री गाडी लावली की इंजिन चालूच ठेवायचं, गिअर काढायचा, हँडब्रेक ओढायचा, खाली उतरून दार लावायचं, मग गाडी आपोआप बंद होते. एवढं सगळं केलं तरच त्याला खात्री पटते की गाडी गिअरमध्ये नाही. त्यानंतर कोणी नुसतं दार जरी उघडलं तरी रिमोट गप्प. पुन्हा सगळं पहिल्यापासून. दुसरा डबा साधा. बटण दाबलं की चालू, काही विचारत नाही.

सर्वेश म्हणाला, सर, तुमची गाडी गिअरची हाय, तुम्ही पहिलाच घ्या. दुसऱ्यात गिअर चुकून राहिला आणि बटण दाबलं तर गाडी उडी मारून समोर जाईल, पुढं भिंत असो का माणूस. दयानंदनं त्याला एकच विचारलं. म्हणाला, समजा एखाद्या रात्री मी हे सगळं करायला विसरलो, आणि त्याच रात्री गरज पडली, तर? सर्वेश म्हणाला, तर चालू होणार न्हाई. दयानंदनं तिथल्या तिथं पहिला डबा बाजूला सारला.

आता शिकलेला माणूस, दीडदीडशे पोरांना न्यूटनचे नियम शिकवणारा, त्यानं असं का करावं? त्याला कारण होतं. ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

दयानंदचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. त्र्याण्णव साली भूकंप झाला तेव्हा तुमचा कोणाचा जन्मही नव्हता. गणपती बोळवून लोक दमून झोपलेले, आणि पहाटे चारच्या आत गाव मातीत. दयानंद तेव्हा कॉलेजात पहिल्या वर्षाला होता, पोरांबरोबर देवळापुढच्या पारावर झोपला म्हणून वाचला. साखराबाई अंगणात होती. घरात होती धाकटी बहीण, लता. सोळा वर्षांची. त्यानं आणि मामानं हातांनी दगड उपसले आणि तिला बाहेर काढली. जिवंत काढली पोरांनो. बोलत होती. गावात एक जीप धड राहिली होती, तिच्यात मागं निजवली, आणि जीप काही चालू होईना. सेल्फ नुसता कुरकुर करायचा. वरून पाऊस. लोकांनी ढकलली तर चिखलात रुतली. लता मागून विचारायची, "अण्णा, झाली का चालू?" हा म्हणायचा, व्हायलीय, व्हायलीय. ती पुन्हा विचारायची. मग तिनं विचारायचं बंद केलं. त्यानंतर थोड्या वेळानं जीप चालू झाली.

म्हणून त्याला ती विचारणारी, अटी घालणारी मशीन नको होती. त्याला चालू होणारी गाडी पाहिजे होती. माझ्या मते तो चुकला, पण त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

सर्वेशनं संध्याकाळपर्यंत डॅशबोर्ड खोलून तारा जोडल्या. क्लच न दाबता गाडी चालू व्हावी म्हणून एक तार वेगळी फिरवली. किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन चालू होत नाही, म्हणून दुसरी किल्ली आतच कुठंतरी बांधून टाकली. आणि शेवटी दयानंदकडून वदवून घेतलं की गाडी कायम न्यूट्रल, कायम हँडब्रेक, आणि तुमच्याशिवाय गाडीला कोणी हात लावायचा नाही. दयानंदनं शाळेतल्या पोरासारखं मान हलवून कबूल केलं.

घरी मात्र ह्या कराराची खरी परीक्षा होती, ती साखराबाईच्या बाजेमुळं. भूकंपानंतर ती बाई कधी स्लॅबखाली झोपलीच नाही. नातीच्या, मनस्विनीच्या सोबतीला म्हणून लेकानं तिला गावाकडून आणली खरी, पण रात्र झाली की ती बाहेर. घरापुढं पत्र्याचं शेड होतं, खाली शहाबादी फरशी. तिथं गाडी लागायची, तोंड गेटकडे करून, आणि गाडीचं नाक नि गेट ह्यांच्या मधे साखराबाईची बाज. दुसरी जागाच नव्हती. दयानंदनं लई विनवण्या केल्या. ती म्हणायची, पत्रा पडला तर खोक पडंल, स्लॅब पडला तर काय राहतंय?

दयानंद रोज झोपायच्या आधी खाली यायचा. गिअर हलवून बघायचा, ब्रेक ओढून बघायचा. मग वर जाऊन एकदा बटण दाबायचा. गाडी चालू झाली की बंद करायचा आणि मगच आडवा व्हायचा. तरी झोप कुठली. मधेच उठून खिडकीतून खाली बघायचा. बायको, पुनम, म्हणायची, एकदा बघितलंत ना, आता पडा. तो पडायचा, आणि थोड्या वेळानं पुन्हा उठायचा.

असे पंधरा-वीस दिवस गेले असतील. गणपती उठले, पितरं बसली. आणि एका पहाटे त्याला जाग आली ती गाडीच्या आवाजानं.

खाली गाडी चालू होती. त्याला वाटलं आईला धाप लागली आणि पुनमनं बटण दाबलं. पण पुनम शेजारी झोपलेली, आणि रिमोट कपाटात. तो धावत खाली गेला. साखराबाई बाजेवर उठून बसली होती, गाडीकडे तोंड करून. बरी होती. शांत होती. त्यानं विचारलं, कोणी चालू केली? ती म्हणाली, मला काय ठाव. ठरलेल्या वेळेनं गाडी आपोआप बंद झाली.

दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग त्यानं रिमोटमधला सेल काढून ठेवला, तरी पहाटे गाडी चालू. सर्वेशकडे नेली. त्यानं सगळ्या तारा तपासल्या, गल्लीत दुसऱ्या कोणाकडे असला रिमोट आहे का ते विचारून घेतलं. काहीच सापडलं नाही. शेवटी तोही वैतागला. म्हणाला, सर, मला हे कळंनाच झालंय, शनिवारी गाडी आणा, सगळं काढूनच टाकतो.

दयानंद घरी येऊन आईपाशी बाजेवर बसला. काढून टाकावं तर धाप लागल्यावर काय, ठेवावं तर हे असं. त्याचे डोळे खोल गेले होते. तेव्हा साखराबाई ह्यावर पहिल्यांदा बोलली.

"लता येऊन बघून जाती," ती म्हणाली. "गाडी चालू होती का न्हाई ते."

दयानंद चिडला. म्हणाला, माय, मी फिजिक्स शिकवतो, माझ्यापुढं असलं काही बोलू नको. ती म्हणाली, मंग शिकव की, मी कुठं नको म्हणायलेय. आणि तिकडं तोंड करून निजली. दयानंदला रडू आलं ते त्यानं कोणाला दाखवलं नाही.

आता ती रात्र. एकोणतीस सप्टेंबर दोन हजार सोळा, गुरुवार. तारखेनं भूकंपाची रात्र, आणि दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावस्या. दोन्ही एकदम आलेलं. दरवर्षी येत नाही तसं. अमावस्येच्या जेवणासाठी गावाकडून मामा आला होता, रामकिशन. तोच, ज्यानं दगड उपसले होते. पिशवीभर गवार, भोपळा, कारली घेऊन आला. पावसानं त्या आठवड्यात नुसता धुमाकूळ घातला होता. दयानंद संध्याकाळी क्लासवरून आला तेव्हा गल्लीत पाणी साचलेलं, म्हणून त्यानं गाडी गेटबाहेर उंचवट्यावर उभी केली आणि भिजत आत गेला. म्हणाला, पाऊस थांबला की आत लावतो.

पाऊस थांबला, तेव्हा दयानंद वर पोरांचे फोन घेत होता. दुसऱ्या दिवशी टेस्ट. मामानं खुंटीवरची किल्ली घेतली आणि गाडी आत लावून टाकली. चांगल्या मनानं. आता मामाची सगळी जिंदगी ट्रॅक्टरवर गेलेली. आपल्याकडं ट्रॅक्टरवाला माणूस ब्रेकवर भरवसा ठेवत नाही. पहिला गिअर टाकायचा, उतरायचं, मागच्या चाकाच्या पाठीमागं दगड लावायचा. मामानं तेच केलं. हँडब्रेकला हातही लावला नाही.

दयानंद जेवायला खाली आला, मामा म्हणाला गाडी लावली आत, दयानंद म्हणाला बरं झालं. विचारायचं ते त्यानं विचारलंच नाही. त्या दिवशी आईची छाती दुपारपासून वाजत होती, त्याचं सगळं लक्ष तिकडं. रिमोटमध्ये त्यानं सेल परत घातला आणि तो उशाशी घेऊन झोपला. त्या रात्री मात्र बटण दाबून बघितलं नाही. आईला आत्ताच डोळा लागलाय, म्हणाला, उगाच जाग नको.

मध्यरात्र उलटली. पुन्हा पाऊस सुरू झाला. पत्र्यावर असा कोसळत होता की शेजारी बोललेलं ऐकू येऊ नये. लाईट गेलेली. आत्तासारखीच. कंदील विझवा तो... असू दे, असू दे, राहू दे.

पहाटे चारच्या आसपास...

मनस्विनी खालच्या खोलीत झोपायची. तिची हाक आली जिन्यातून.

"पप्पा... आजी..."

दयानंद उठला. अंधार. त्यानं उशाखाली हात घातला. रिमोट हाताला लागला. त्यानं बटण दाबलं.

खालून काही आवाज नाही.

पुन्हा दाबलं. जोरात. अंगठा पांढरा पडेस्तोवर.

नाही.

नुसता पाऊस.

पोरांनो, तेवीस वर्षं. तेवीस वर्षं हा माणूस ह्या एका क्षणाला भ्यायला होता. आणि तोच क्षण पुन्हा समोर. तीच तारीख, तोच पाऊस, गाडी चालू होत नाही. तो उठून पळाला. जिन्यात दोनदा पडला.

खाली मोबाईलच्या उजेडात बाज दिसली. साखराबाई बाजेच्या काठावर बसलेली. दोन्ही हात गुडघ्यावर. श्वास घेतेय, पण आत जात नाही. गाडीचं नाक तिच्या गुडघ्यांपासून हातभर लांब. मनस्विनी आत दम्याचा पंप शोधायला पळालेली. साखराबाईची नजर मात्र लेकाकडं नव्हती. ती बॉनेटकडं बघत होती.

दयानंदनं दार उघडलं. गाडी बंद. सीटवर बसला. किल्ली लावली. फिरवणार...

सवयीनं डावा हात गिअरवर गेला.

गिअर पडलेला होता.

पहिला.

त्यानं ब्रेक चाचपला. ब्रेक खाली.

समोर काचेतून आई दिसत होती... हातभर अंतरावर.

त्याला कळलं. आपण दोनदा बटण दाबलं. दोनदा.

कसाबसा त्यानं गिअर काढला, ब्रेक ओढला, किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात चालू झाली. मामानं साखराबाईला उचलून मागं बसवलं, बाज उभी करून भिंतीला लावली, मनस्विनीनं पंप तोंडाला लावला, आणि गुडघाभर पाण्यातून गाडी दवाखान्यात पोचली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं.

उजाडताना साखराबाईला बरं वाटलं. तोंडावर मास्क होता. दयानंद पायाशी बसलेला. त्यानं तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि मोठ्यानं रडला, सगळ्या वॉर्डसमोर. म्हणाला, माय, मी तुला मारलीच होती. डबा बिघडलेला होता म्हणून वाचलीस. रिमोट चालला नाही म्हणून.

साखराबाईनं मास्क बाजूला केला. नर्स ओरडली तरी केला.

"चालला की रं," ती म्हणाली. "दोनदा झाली ना गाडी चालू. लई जोरात घुरघुरली, मंग गप झाली. लता मधी उभी होती... दोन्ही हात टेकून... पाय रोवून. लई कष्ट पडले लेकराला."

मग तिनं मास्क पुन्हा लावला आणि डोळे मिटले. आईच्या मेंदूला पुरेशी हवा मिळालेली नाही, त्यामुळं असं काहीबाही दिसतं, असं दयानंदनं स्वतःला समजावलं. पावसात आपल्याला आवाज आला नसेल, हेही समजावलं. पण मग गाडी पुढं का गेली नाही, ह्याचं समजावणं त्याला जमेना.

मनस्विनीला आजीजवळ बसवून तो मामाबरोबर कपडे आणायला घरी आला. गाडी त्यानं मुद्दाम गेटबाहेर ठेवली. पाऊस थांबला होता. शेडमध्ये बाज भिंतीला उभीच, मागच्या चाकामागं मामानं लावलेला दगड तसाच. रात्री जिथं गाडी उभी होती ती फरशी आता उघडी होती.

मामा आधी थांबला. मग त्यानं दयानंदचा दंड धरला.

पुढची दोन्ही चाकं जिथं टेकलेली होती, बरोबर तिथं, फरशीवर जळक्या रबराचे दोन काळे डाग होते. लांब ओढलेले नाहीत. जागच्या जागी. एक बोटभरसुद्धा पुढं सरकलेले नाहीत. वास अजून येत होता. दयानंद खाली बसला. घर्षण काय असतं ते तो वर्षानुवर्षं शिकवत आलेला माणूस. चाक जागेवर फिरायचं असेल तर समोरून कोणीतरी तेवढंच रेटावं लागतं, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. त्यानं पोतेरं घेतलं, पाणी ओतलं, डाग पुसायला लागला. काळं निघालं. काळं सगळं निघालं.

खालची फरशी झिजलेली होती. दोन्हीकडं. शहाबादी दगड तो, त्याला वाटीएवढे खळगे पडलेले. बटण दोनदा दाबून जिना उतरायला त्याला कितीसा वेळ लागला होता? पण ते खळगे एवढ्याशा वेळाचे नव्हते, रात्र रात्र चाक फिरावं तेव्हा पडावेत असे होते. मामा कपाळाला हात लावून पायरीवर बसला आणि काही केल्या उठेना.

सर्वेशनं शनिवारी सगळं काढून टाकलं. त्यानंतर पहाटे गाडी कधी चालू झाली नाही. साखराबाई अजून आहे, तिथंच झोपते, आणि फरशी बदलू देत नाही. मी गेलो होतो मागच्या आठवड्यात. पावसाचं पाणी आत आलं की आधी त्या दोन खळग्यांत साचतं.